ताशी वीस मैलांची भिंत

गोल्फ कार्ट ही मुद्दाम हळू ठेवलेली गाडी आहे. मोटरमध्ये दम नाही म्हणून ती हळू चालते, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. दोन माणसं आणि त्यांच्या काठ्यांच्या जड पिशव्या घेऊन ओल्या गवतावरचा चढ ही गाडी न कुरकुरता चढते, म्हणजे ताकद तिच्यात आहे. ही ताकद वेगाकडे जाऊ नये, अशी व्यवस्था कारखान्यातच केलेली असते. मैदानासाठी बनवलेल्या कार्टने ताशी पंधरा मैलांच्या, म्हणजे साधारण २४ किलोमीटरच्या पुढे जाऊ नये, असा अमेरिकेतल्या उत्पादकांचा ठरलेला निकष आहे. प्रत्यक्षात बहुतेक जुन्या कार्ट बारा-चौदा मैलांवरच थांबतात.

या हळूपणाच्या बदल्यात गाडीला बरंच काही माफ होतं. दारं नाहीत, एअरबॅग नाही, बहुतेकदा सीटबेल्टही नाही. अमेरिकेतल्या अनेक ठिकाणी ती चालवायला मोठ्या माणसाला लायसन्स लागत नाही, नंबरप्लेट लागत नाही. तू हळू चाल, आम्ही तुला काही विचारत नाही, असा हा न लिहिलेला करार आहे. कार्टचा वेग वाढवण्याचा इतिहास म्हणजे हा करार मोडण्याचा, मग नवा करण्याचा आणि तोही मोडण्याचा इतिहास. मला तो रंजक वाटतो, कारण त्यात खलनायक सापडत नाही. पाना-पक्कड घेऊन कार्टखाली झोपलेल्या माणसाकडेही कारण होतं आणि त्याला अडवणाऱ्या कायद्याकडेही.

सुरुवात गोल्फच्या मैदानावर झाली असं आपण नावावरून धरून चालतो, पण गाडीचा उगम रस्त्यावरचा आहे. १९३०च्या दशकात टेक्सारकाना या गावच्या जे. के. वॅडली नावाच्या गृहस्थांना लॉस एंजेलिसमध्ये एक तीनचाकी विजेची गाडी दिसली. म्हाताऱ्या माणसांना वाण्याच्या दुकानापर्यंत नेणं हे तिचं काम. वॅडलींनी तशी एक विकत घेतली आणि गोल्फच्या मैदानावर नेली. तिथे ती काही नीट चालली नाही, पण कल्पना रुजली. पुढे दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि कॅलिफोर्नियात विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या बनवणाऱ्यांना काम मिळालं. त्यातले एक मर्ल विल्यम्स. १९५१ साली त्यांच्या कंपनीने रेडलँड्स गावात विजेवरच्या गोल्फ कार्ट बनवायला सुरुवात केली. कंपनीचं नाव होतं ‘मार्केटियर’. या नावातही बाजारच आहे, गोल्फ नाही. लाँग बीचला ‘ऑटोएट’ नावाची तीनचाकी बनत होती, तीही अपंगांना आणि वयस्कांना गावात फिरता यावं म्हणून. ट्रोजन या बॅटरी कंपनीने १९५२मध्ये गोल्फ कार्टसाठी खास बॅटरी तयार केली, ती या ऑटोएटवाल्यांच्या सोबतीने.

म्हणजे पुढे ज्या गाडीबद्दल ‘ही मैदानातली गाडी, रस्त्यावर कशी आली’ असा वाद झाला, ती मुळात रस्त्यावरून मैदानात गेली होती.

मैदानात तिचं बस्तान बसलं ते १९५०च्या दशकात. १९५५मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला. ते पट्टीचे गोल्फवेडे. त्यानंतर ते कार्टमधून खेळताना दिसू लागले, तेव्हा कार्टमध्ये बसणं म्हणजे आजारी किंवा आळशी असणं, हा समज ढिला पडला. जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात १९५४ साली डोलन बंधूंनी ‘ईझी-गो’ सुरू केली. टेक्ससमध्ये जन्मलेली ‘क्लब कार’ १९६०च्या दशकात तिथेच येऊन राहिली. एकाच शहरात दोन मोठे कारखाने असल्यामुळे तिथे एक आख्खी कारागीर जमात तयार झाली. मोटरवाले, वायरिंगवाले, गिअरवाले. आपल्याकडे इचलकरंजीत यंत्रमागाचा पार्ट बिघडला तर करून देणारा दोन गल्ल्या सोडून सापडतो, तसंच.

त्याच सुमारास अमेरिकेत निवृत्तांच्या वसाहती उभ्या राहू लागल्या. ॲरिझोनातलं सन सिटी १९६०च्या पहिल्या तारखेला उघडलं. घरं गोल्फच्या मैदानाला लागून. मग सकाळी खेळायला नेलेली कार्ट दुपारी दूध आणायला, संध्याकाळी पत्त्यांच्या डावाला नेणं आलंच. जॉर्जियातल्या पीचट्री सिटीत तर कार्टसाठी वेगळ्या वाटांचं जाळं झालं, आज ते शंभर मैलांच्या आसपास आहे. शाळकरी पोरंही तिथे कार्टने शाळेत जातात. फ्लोरिडातल्या ‘द व्हिलेजेस’ या अवाढव्य निवृत्त-नगरात २००५ साली ३,३२१ कार्टची मिरवणूक निघाली आणि गिनीज बुकात गेली.

या गावांत कार्ट हे खेळाचं साधन राहिलं नाही. ती पाय झाली. डोळे अधू झाले, लायसन्स गेलं, मुलं हजार मैलांवर, आणि ज्या देशात गाडी नसेल तर पावाची लादीही मिळत नाही, तिथे ही एक बारा मैलांची गाडी माणसाला दुसऱ्याच्या दारात हात पसरण्यापासून वाचवते. हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचं सगळं नुसतं पोरकट हौस वाटेल.

हौस होतीच, नाही असं नाही. पण गरजही होती. मैदानावर बारा मैल पुरतात. पस्तीस मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर, मागे ट्रक तापून उभा असताना, बारा मैल म्हणजे जीव मुठीत धरणं. चौक ओलांडायला लागणारे सेकंद दुप्पट होतात. तेव्हा शेजारच्या गॅरेजवाल्याला ‘हिला जरा पळव रे’ असं सांगणारा माणूस सत्तरीचा असू शकतो, आणि त्याचं म्हणणं रास्तही असू शकतं.

आता गॅरेजवाला काय करायचा ते पाहू, कारण सगळी गंमत तिथे आहे.

जुन्या कार्टमध्ये सहा-सहा व्होल्टच्या सहा शिशाच्या बॅटऱ्या असत, एकूण ३६ व्होल्ट. एकेक बॅटरी अठ्ठावीस किलोची. मोटर डीसी सिरीज जातीची, म्हणजे तिच्या बाहेरच्या आणि आतल्या वेढ्यांमधून एकच करंट एकापाठोपाठ वाहतो. अशा मोटरला सुरुवातीला जबरदस्त जोर असतो, म्हणून तर आगगाड्यांना आणि ट्रामनाही ती वर्षानुवर्षं लागली. वेगाचं नियंत्रण अगदी गावठी होतं: सीटखाली जाड तारेची वेटोळी. पॅडल थोडं दाबलं की करंट सगळ्या वेटोळ्यांतून फिरून जाई, आणि वीज मोटरऐवजी तार तापवण्यात खर्ची पडे. पॅडल पूर्ण दाबलं की वेटोळी बाजूला आणि सगळे ३६ व्होल्ट मोटरला.

पहिला उपाय सरळ. आणखी दोन बॅटऱ्या कुठेतरी कोंबायच्या आणि ३६चे ४८ करायचे. मोटर व्होल्टेजच्या प्रमाणात पळते, म्हणजे वेग ढोबळमानाने एक-तृतीयांश वाढला. बारा मैलांची गाडी सोळावर गेली. पण आधीचं सोलेनॉइड आणि वायरी ३६च्या हिशेबाच्या असत, त्या जळत. मग जाड वायरी आल्या, दणकट सोलेनॉइड आलं, आणि एका दुपारचं काम आठवडाभर चाललं.

दुसरा उपाय चाकांचा. अठरा इंची टायर काढून बावीस इंची बसवले की एका फेऱ्यात गाडी बावीस टक्के जास्त अंतर कापते. पण मोठे टायर बॉडीला घासतात, म्हणून गाडी उचलावी लागते. त्यासाठी ‘लिफ्ट किट’ मिळू लागली. उंच कार्ट दिसायला रुबाबदार, आणि वळणावर कलंडायला तितकीच तयार.

तिसरा उपाय पोटातला. मागच्या ॲक्सलमध्ये मोटरचे साडेबारा फेरे होतात तेव्हा चाकाचा एक होतो. ईझी-गोच्या ॲक्सलचं नेमकं गुणोत्तर १२.४४. ते काढून आठचा किंवा सहाचा गिअर टाकायचा. सहाचा टाकला तर वेग कागदावर दुपटीपुढे जातो, पण चाकाला मिळणारा जोर निम्म्याखाली. मग साधा चढही मोटरला घाम फोडतो आणि तोच चढ चढायला ती दुप्पट करंट ओढते.

चौथा उपाय मला सर्वांत आवडतो: मोटर उलगडून पुन्हा गुंडाळणं. आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करणारा एक तरी माणूस असतो. पेट्रोमॅक्स गेले, टाइपरायटर गेले, तो टिकून आहे. तसे लोक अमेरिकेच्या दक्षिणेत कार्टच्या मोटरी गुंडाळत बसले. बाहेरच्या खांबांवरचे वेढे कमी केले की चुंबकक्षेत्र क्षीण होतं, आणि चुंबकक्षेत्र क्षीण झालं की डीसी मोटर, थोडं विचित्र वाटेल, पण जास्त वेगाने पळते. फिरणारी मोटर स्वतः उलट दाब तयार करत असते. बॅटरीचा दाब आणि हा उलट दाब जवळपास सारखे झाले की वेग थांबतो. क्षेत्र क्षीण केलं तर तेवढा उलट दाब तयार व्हायला मोटरला जास्त फेरे मारावे लागतात, आणि ती मारते. ज्यांना गुंडाळायचं नसे ते बाहेरच्या वेढ्यांना समांतर एक रेझिस्टर जोडून तोच परिणाम साधत.

पुढे तारेची वेटोळी गेली आणि सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आले. कर्टिस कंपनीचे कंट्रोलर तर कार्टवाले आणि घरच्या घरी जुन्या मोटारींना विजेवर आणणारे हौशी, दोघेही वापरत. हा दुवा मला महत्त्वाचा वाटतो. ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ कंपनी १९३९मध्ये बंद झाली तेव्हा अमेरिकेच्या रस्त्यांवरून विजेची मोटार जवळजवळ नाहीशी झाली होती. १९७३च्या तेलसंकटानंतर फ्लोरिडात ‘सिटीकार’ नावाची पाचरीसारखी विचित्र दिसणारी गाडी आली, तिची प्रेरणा थेट क्लब कारची गोल्फ कार्ट. तीतही तशाच शिशाच्या बॅटऱ्या, तशीच डीसी मोटर, फक्त पळायला मोकळी, ताशी ३८ मैलांपर्यंत. तिच्या आणि तिच्या पुढच्या अवतारांच्या मिळून साडेचार हजारांच्या आत गाड्या बनल्या. मधल्या काळात विजेच्या गाडीचं तंत्र कुठे तगून राहिलं असेल तर गोदामांतल्या फोर्कलिफ्टमध्ये आणि या कार्टमध्ये. आज विजेच्या मोटारीचा इतिहास लिहिताना टेस्लाच्या मागे थेट १९१०ची बग्गी दाखवतात आणि मधली साठ-सत्तर वर्षं गाळतात. त्या गाळलेल्या जागेत गोल्फ कार्टखाली झोपलेला माणूस आहे.

आता याची किंमत.

हिशेब करून पाहा. अठरा इंची चाक आणि १२.४४चा गिअर असेल, तर ताशी बारा मैलांना मोटर मिनिटाला सुमारे २,८०० फेरे मारते. गिअर न बदलता तीच गाडी पंचवीस मैलांवर नेली तर ५,८००. फेरे दुप्पट झाले की आतल्या तांब्याच्या पट्ट्यांना बाहेर फेकणारं बल चौपट होतं. पट्टी सुटली की मोटर आतून चिरडली जाते. सिरीज मोटरची तर खोडच अशी की तिच्यावर ओझं नसेल तर ती थांबायचं नावच घेत नाही, स्वतःला फोडेपर्यंत पळते. म्हणून जाणते मेकॅनिक चाकं हवेत उचलून पूर्ण पॅडल कधी दाबत नाहीत.

बॅटरीचं गणित त्याहून कडू. ट्रोजनची टी-१०५ ही कार्टमधली सर्वांत ओळखीची बॅटरी. २५ अँपिअर ओढले तर ती ४४७ मिनिटं चालते. ७५ ओढले, म्हणजे तिप्पट, तर एक-तृतीयांश वेळ, म्हणजे १४९ मिनिटं चालायला हवी. चालते ११५. घाईने उपसलेली बॅटरी कमी देते, हा नियम पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७मध्येच मांडला होता. दुकानात वेगाने पोहोचणारी कार्ट परत येताना मध्येच बसते, ती यामुळे.

आणि ब्रेक. बहुतेक कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. मैदानावर ते पुरतात. पण थांबताना गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि वेग जास्त असेल तर ती घसरून गाडीचं शेपूट फिरतं. वेग दुप्पट म्हणजे थांबवायची ऊर्जा चौपट, आणि ब्रेक तेच जुने. अमेरिकेत चालक डावीकडे, सोबतचा उजवीकडे. चटकन डावीकडे वळलं की उजवीकडचा माणूस बाहेर फेकला जातो. तिथे हाताला टेकू म्हणून जी बुटकी दांडी असते, ती लहान मुलाला धरून ठेवण्याऐवजी त्याच्या कमरेखाली तरफेसारखी लागते. ओहायोतल्या कोलंबसमधल्या मुलांच्या रुग्णालयातील संशोधकांनी १९९० ते २००६ या काळाचा अभ्यास केला, तेव्हा कार्टमुळे झालेल्या जखमांचा अंदाज १,४८,००० निघाला. वर्षागणिक आकडा या काळात दुपटीहून अधिक वाढला होता. जखमींपैकी साधारण तिसरा हिस्सा सोळा वर्षांखालची मुलं. या सगळ्या गाड्या वेग वाढवलेल्या होत्या असं अजिबात नाही. कारखान्यातून निघालेली हळू गाडीही माणसाला पाडते, हेच तर खरं दुखणं. जिच्यात बारा मैलांनाही माणूस पडतो, तिला पंचवीसवर नेताना तिच्यात काहीच बदललेलं नसतं, मोटर सोडून.

सरकारची अडचण वेगळी होती. मोटारींच्या सुरक्षेचे नियम करणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या लेखी ताशी वीस मैलांच्या आतली असली गाडी ही मोटारगाडी नव्हती. वीसच्या पुढे गेली की ती मोटारगाडी, आणि मग तिला मोठ्या कारचे सगळे नियम लागू, धडक-चाचणीसकट. इकडे काही राज्यांनी मात्र पंचवीस मैलांपर्यंतच्या गाडीलाही ‘गोल्फ कार्ट’ म्हणून स्थानिक रस्त्यांवर मुभा दिली होती. त्यामुळे वीस ते पंचवीस मैलांच्या पट्ट्यात अशी गाडी जन्मली जी राज्याच्या दृष्टीने कार्ट आणि केंद्राच्या दृष्टीने बेकायदा कार. बर्फावरच्या गाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या बॉम्बार्डिए या कॅनडाच्या कंपनीला अशा छोट्या विजेच्या गाड्या विकायच्या होत्या. तिने नियम बदलण्याची मागणी केली. १७ जून १९९८ रोजी नवा वर्ग जाहीर झाला: ‘लो-स्पीड व्हेइकल’. चार चाकं, वेग वीसहून जास्त आणि पंचवीसपर्यंत. तिला दिवे हवेत, इंडिकेटर हवेत, आरसे, पुढची काच, पार्किंग ब्रेक, सीटबेल्ट, आणि गाडीचा स्वतंत्र ओळख-क्रमांक. धडक-चाचणी नाही.

मला हा नियम शहाणपणाचा वाटतो, पण त्यात एक क्रूर चिमटाही आहे. घरी वेग वाढवलेली कार्ट वीसच्या पुढे गेली की तीही याच वर्गात आली. आता तिला नोंदणी हवी, विमा हवा, आणि चालवणाऱ्याला लायसन्स हवं. म्हणजे डोळ्यांमुळे लायसन्स गेलेल्या ज्या आजी वीसच्या आतल्या कार्टने स्वतःची भाजी स्वतः आणत होत्या, त्यांच्या नातवाने हौसेने गिअर बदलून दिला तर आजींचं स्वातंत्र्यच बेकायदा झालं. वाढलेल्या पाच मैलांची किंमत आख्खी गाडी. उलट ज्यांना पस्तीसच्या रस्त्यावर ट्रकसमोर उभं राहायचं होतं, त्यांना पहिल्यांदाच कायदेशीर वाट मिळाली. एकाच ओळीने एकाला सोडवलं आणि दुसऱ्याला बांधलं.

त्याच वर्षी नॉर्थ डकोटातल्या फार्गोहून ‘जेम’ नावाच्या गाड्या या वर्गात विकायला निघाल्या, नेमक्या पंचवीस मैलांना अडवलेल्या. २०००मध्ये डेमलर-क्रायस्लरने ती कंपनी विकत घेतली. कॅलिफोर्नियात धूरमुक्त गाड्यांची सक्ती होती आणि या चिमुकल्या गाड्याही त्या हिशेबात धरल्या जात, हे त्यामागचं एक मोठं कारण. जेम घेतलेल्यांनी काय केलं असेल? चिप बदलल्या, गिअर बदलले, पस्तीसवर नेल्या. भिंत वीसवरून पंचवीसवर सरकली होती, एवढंच. मग वॉशिंग्टन आणि मॉन्टाना या राज्यांनी पस्तीस मैलांचा ‘मध्यम वेग’ असा वर्ग स्वतःपुरता मान्य केला. केंद्राकडेही तशी मागणी गेली. २००८मध्ये केंद्राने ती फेटाळली: तेवढ्या वेगाला खऱ्या कारचे नियम लागतील, पळवाट नाही.

आणि २००९मध्ये एक तमाशा झाला. विजेच्या गाड्यांना उत्तेजन म्हणून दिलेल्या करसवलतीत लो-स्पीड वर्गही बसत होता. दिवे, आरसे, बेल्ट लावलेली रस्त्यावर चालणारी गोल्फ कार्ट घेतली, तर ४,२०० ते ५,५०० डॉलर करातून सुटत. काही राज्यांची स्वतःची सवलत वर धरली तर कार्ट जवळजवळ फुकट पडे. विक्रेत्यांनी तशा जाहिरातीच केल्या. इतकी वर्षं सरकार कार्टला ‘हळू चाल’ म्हणत होतं, आणि त्या एका वर्षी वीसच्या पुढे गेलीस तर पैसे देतो म्हणालं. वॉल स्ट्रीट जर्नलने अग्रलेखात टर उडवली. वर्ष संपताच सवलतही संपली.

वेगवेड्यांचं एक टोक सांगून पुढे जातो. ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी साउथ कॅरोलायनात, प्लम क्विक या मोटर बनवणाऱ्या कंपनीच्या कार्टने ताशी १९१.१२ किलोमीटर वेग गाठला. गिनीजमध्ये नोंद आहे. ते वाहन मी कार्ट मानत नाही. आजीच्या कार्टशी त्याचं नातं फक्त आकाराचं.

मला जास्त विचार करायला लावतं ते वेगाचं कुलूप कुठे लपवलं आहे, हे. आधी ते लोखंडात होतं, गिअरच्या दातांत. ते उघडायला पाना लागायचा, हात काळे व्हायचे, आणि तेवढ्या वेळात माणूस दोनदा विचार करायचा. मग मोटरच्या टोकाला छोटं चुंबक आणि त्याचे फेरे मोजणारा सेन्सर आला. कंट्रोलर सेन्सरचं ऐकून वेग रोखतो. लोकांनी कमी ध्रुवांचं चुंबक शोधून काढलं: मोटर पळते दुप्पट, कंट्रोलरला ऐकू येतं निम्मं. ईझी-गोच्या एका मालिकेत वायरींमध्ये एक बोटाएवढा प्लग असे, त्याने गाडीचा स्वभाव निवडायचा. चढाचा एक, मैदानाचा एक, आणि सर्वांत मोकळ्या पर्यायाचं नाव कंपनीनेच ‘फ्रीडम’ ठेवलेलं. आताच्या लिथियम बॅटरीच्या, एसी मोटरच्या कार्टमध्ये तर सगळं सॉफ्टवेअरमध्ये आहे. वेगाची मर्यादा हा एक आकडा, आणि तो बदलायला विक्रेत्याकडचं यंत्र किंवा पासवर्ड. भांडण पान्यावरून पासवर्डवर आलं. हात काळे होत नाहीत, म्हणून दोनदा विचारही होत नाही.

हे सगळं वाचताना तुम्हाला कॉलेजच्या पार्किंगमधली एखादी स्कूटर आठवली असेल, तर ते बरोबर आहे. आपल्याकडेही अशीच भिंत आहे, फक्त मैलांऐवजी किलोमीटरमध्ये. मोटर २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असेल तर त्या दुचाकीला नोंदणी नाही, नंबरप्लेट नाही, चालवणाऱ्याला लायसन्स नाही. म्हणून ती दहावी-अकरावीच्या मुलामुलींसाठी घेतली जाते, आणि ज्यांना लायसन्स काढणं जमलं नाही अशा आईवडिलांसाठीही. करार तोच: हळू चाल, विचारणार नाही. मे २०२२मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने आरटीओंना अशा दुचाकींवर कारवाईचे आदेश दिले, कारण परस्पर फेरफार करून मोटरची ताकद आणि वेग वाढवलेल्या गाड्या नंबरप्लेटशिवाय रस्त्यावर आल्या होत्या. यातल्या बऱ्याच स्वस्त गाड्यांच्या कंट्रोलरमधून वायरींची एक छोटी जोडी बाहेर आलेली असते. ती जोडलेली असेल तर वेग अडतो, सोडवली तर सुटतो. पाना लागत नाही, पासवर्डही लागत नाही. ब्रेक दोन्ही वेळेला तेच असतात.